ग्रंथ ऐकणारा राजा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



चांगला राजा कुणाला म्हणावं, हा प्रश्न फार जुना आहे. गंमत अशी, की प्राचीन काळातल्या बहुतेक राजांनी त्याचं उत्तर स्वतःच देऊन ठेवलं आहे. इजिप्तमधल्या देवळांच्या भिंती पाहा, असिरियाच्या राजवाड्यांतली शिल्पं पाहा, बाबिलोनच्या विटांवरचे लेख वाचा. मी अमुक नगरं जिंकली, तमुक राजांना गुडघे टेकायला लावले, देवांची मंदिरं उभारली, माझ्यासारखा न्यायी मीच! राजानं सांगायचं आणि लेखनिकानं कोरायचं. पराभव झाला तरी तो सहसा दगडावर येत नाही. दगड राजाचा, मजुरी राजाची, मग मजकूर दुसऱ्या कुणाचा असणार?

आज मी आपल्याशी ज्या ग्रंथांविषयी बोलणार आहे, त्यांत हा व्यवहार उलटा झालेला दिसतो. हे ग्रंथ म्हणजे यहुदी लोकांचं हिब्रू धर्मशास्त्र. ख्रिस्ती लोक त्यालाच जुना करार म्हणतात. यहुदी परंपरेनं त्याचे २४ ग्रंथ मानले आहेत आणि त्यांचे तीन भाग केले आहेत. पहिला तोरा, म्हणजे मोशेचं नियमशास्त्र. दुसरा नवीईम, म्हणजे संदेष्टे. तिसरा केतुवीम, म्हणजे इतर लेख. आता राजांची हकिगत सांगणारे जे मुख्य ग्रंथ, ‘शमुवेल’ आणि ‘राजे’, ते यांपैकी कोणत्या भागात असतील? ते आहेत संदेष्ट्यांच्या भागात. वर्गीकरणात एवढं काय, असं आपल्याला वाटेल. पण राजांची कथा राजाच्या भाटानं सांगायची नाही, राजाला खडे बोल सुनावणाऱ्यांच्या बाजूनं ती सांगायची, ही दृष्टी त्यामागे आहे.

‘राजे’ हा ग्रंथ वाचताना मला तर शाळेतल्या प्रगतिपुस्तकाची आठवण होते. शलमोन राजानंतर, म्हणजे इ. स. पू. ९३०च्या सुमारास, या लोकांच्या राज्याचे दोन तुकडे झाले. उत्तरेला इस्राएल आणि दक्षिणेला यहूदा. यहूदाची राजधानी यरुशलेम. या दोन्ही राज्यांतल्या राजांच्या नोंदी साधारण एकाच साच्याच्या आहेत. राजा गादीवर कधी आला, त्यानं किती वर्षं राज्य केलं, यहूदाचा असेल तर बहुधा त्याच्या आईचं नाव, आणि शेवटी एका वाक्याचा शेरा. देवाच्या दृष्टीनं जे योग्य ते यानं केलं, किंवा जे वाईट ते केलं. उत्तरेच्या १९ राजांपैकी एकालाही चांगला शेरा मिळालेला नाही. दक्षिणेत ८ जणांना मिळाला, पण त्यांतल्या ६ जणांच्या शेऱ्याला ‘पण’ चिकटलेला आहे. अमुक चांगलं केलं, पण टेकड्यांवरची पूजास्थानं तशीच ठेवली. हातचं न राखता कौतुक झालं ते दोघांचंच, हिज्कीया आणि योशीया यांचं.

हे मोजमाप किती वेगळं होतं, त्याचं एक उदाहरण सांगतो. उत्तरेच्या राज्यात अम्री नावाचा राजा होऊन गेला. जगाच्या दृष्टीनं हा मोठा माणूस. त्यानं शोमरोन ही नवी राजधानी वसवली. त्याच्या पश्चात शंभराहून अधिक वर्षं असिरियाचे लेखनिक त्या राज्याचा उल्लेख अम्रीच्या घराण्याचा देश असा करत होते. जॉर्डनमध्ये धिबान इथं १८६८ साली मवाबच्या मेशा राजाचा एक शिलालेख सापडला, त्यातही अम्रीचं नाव आहे. शत्रूनंही दखल घ्यावी असा हा राजा. आणि ‘राजे’ या ग्रंथात त्याच्या कारकिर्दीला मिळाली आहेत अवघी सहा वचनं! राजधानीसाठी टेकडी विकत घेतली, त्याची चांदीतली किंमत दिली आहे. पुढे शेरा : वाईट. संपलं.

मग या लोकांची चांगल्या राजाची कल्पना होती तरी काय? ती नियमशास्त्राच्या पाचव्या ग्रंथात सापडते. मराठी बायबलमध्ये या ग्रंथाचं नाव ‘अनुवाद’ आहे. त्याच्या १७व्या अध्यायात राजासाठी काही नियम घालून दिले आहेत. राजानं फार घोडे बाळगू नयेत. फार बायका करू नयेत. फार सोनं-चांदी साठवू नये. घोडे म्हणजे त्या काळचं लष्करी बळ, बायका म्हणजे परराष्ट्रांशी केलेले सोयरीक-संबंध, आणि सोनं-चांदी म्हणजे खजिना. थोडक्यात, राजा ज्यामुळे राजा दिसतो, त्या सगळ्यालाच मर्यादा. हे झालं काय करू नये ते. करायची गोष्ट एकच सांगितली आहे. गादीवर बसल्यावर राजानं या नियमशास्त्राची एक नक्कल आपल्यासाठी उतरवून घ्यावी, ती जवळ ठेवावी आणि जन्मभर वाचावी. कशासाठी? तर आपल्या भाऊबंदांहून आपण मोठे आहोत असं त्याच्या मनानं घेऊ नये म्हणून.

याच पट्टीनं शलमोनाकडे पाहा. शहाणपणासाठी त्याची ख्याती. यरुशलेमचं मंदिर बांधलं ते त्यानंच. पण त्याच ‘राजे’ ग्रंथात त्याच्याकडे इजिप्तहून येणारे घोडे, वर्षाला येणारं सोनं, ७०० राण्या आणि ३०० उपपत्नी यांचा हिशेब दिला आहे. तिन्ही नियम मोडलेले! मंदिर बांधलं म्हणून त्याला सूट मिळालेली नाही.

दावीद तर या लोकांचा सर्वांत लाडका राजा. पण आपल्या पदरच्या उरीया नावाच्या सैनिकाची बायको त्यानं घेतली आणि उरीयाला रणात पुढे पाठवून मारवलं, हे ‘शमुवेल’ ग्रंथात स्पष्ट लिहिलं आहे. नाथान संदेष्टा दरबारात येतो आणि राजाला एका गरीब माणसाच्या एकुलत्या एक मेंढीची गोष्ट सांगतो. एका श्रीमंतानं ती हिसकावून नेलेली. दावीद संतापतो, अपराध्याला कठोर शिक्षा सुनावतो. तेव्हा नाथान त्याला सांगतो की तो अपराधी दुसरा-तिसरा कुणी नसून राजा स्वतःच आहे. दावीदानं नाथानाचं डोकं उडवलं नाही. आपण पाप केलं असं तो म्हणाला. या ग्रंथांच्या लेखी दावीदाचं मोठेपण इथं आहे.

पुढे उत्तरेच्या अहाब राजानं नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा लाटला. राणी ईजबेलनं खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमार करवला आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला निघाला. तिथं त्याला जाब विचारायला उभा राहिला एलीया. आपल्या कोकणातले बेने इस्राएली घरच्या मलिद्याच्या विधीत ज्या एलियाहू हानाबीचं भक्तीनं स्मरण करतात, तो हाच. एका शेतकऱ्याच्या वडिलोपार्जित जमिनीसाठी राजासमोर उभा ठाकलेला माणूस.

आता हिज्कीयाकडे वळू. इ. स. पू. ७०१ मध्ये असिरियाचा सम्राट सन्हेरीब यहूदावर चालून आला. त्यानं मातीच्या षटकोनी स्तंभावर आपल्या मोहिमेचं वर्णन कोरून घेतलं आहे. तो स्तंभ आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. यहूदाची ४६ तटबंदीची नगरं घेतली आणि हिज्कीयाला यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखं कोंडलं, असं तो त्यात सांगतो. यरुशलेम घेतलं, असं मात्र तो म्हणत नाही. कारण ते त्याला घेता आलंच नव्हतं.

त्या धामधुमीत शहराला पाणी मिळावं म्हणून खोदलेला बोगदा आजही आहे. लांबी सुमारे ५३३ मीटर. दोन टोळ्यांनी दोन बाजूंनी खडक फोडत येऊन मध्ये गाठ घातली. बोगद्याच्या भिंतीवर या कामाची हकिगत सांगणारा हिब्रू लेख १८८० साली सापडला. हल्ली तो इस्तंबूलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. पलीकडून येणारा आवाज कसा ऐकू आला, कुदळीला कुदळ कशी भिडली, हे सगळं त्यात आहे. पण या उरलेल्या लेखात राजाचं नाव नाही! खोदणाऱ्यांची गोष्ट आहे, खोदवून घेणाऱ्याची नाही. सन्हेरीबाचा स्तंभ आणि हा लेख शेजारी ठेवून पाहावेत, एवढंच म्हणतो.

हिज्कीयाचा ग्रंथांशीही संबंध आहे. ‘नीतिसूत्रे’ या ग्रंथाच्या २५व्या अध्यायाच्या आरंभी नोंद आहे, की पुढची वचनं हिज्कीयाच्या माणसांनी उतरवून घेतली. म्हणजे त्याच्या दरबारात जुन्या वचनांच्या नकला करण्याचं काम चालत होतं. पण या आवडत्या राजालाही ग्रंथ सोडत नाही. बाबिलोनहून आलेल्या वकिलांना त्यानं मोठ्या हौसेनं आपला खजिना दाखवला. यशया संदेष्टा म्हणाला की हे सगळं एक दिवस बाबिलोनला जाईल, तुझ्या वंशजांनाही तिथं नेतील. त्यावर राजाच्या मनात आलं, की निदान माझ्या हयातीत तरी शांतता राहील ना! पुढच्या पिढीचं काय होईल ते होवो. चांगल्या राजाचा हा कोता विचारही जसाच्या तसा नोंदवला आहे.

हिज्कीयानंतर त्याचा मुलगा मनश्शे गादीवर आला. ग्रंथाच्या मते सर्वांत वाईट राजा. निरपराध माणसांच्या रक्तानं त्यानं यरुशलेम भरून टाकलं. आणि राज्य केलं किती वर्षं? तब्बल ५५! दावीदाच्या वंशात एवढी प्रदीर्घ कारकीर्द दुसऱ्या कुणालाच लाभली नाही.

मनश्शेचा नातू योशीया. गादीवर आला तेव्हा त्याचं वय आठ वर्षं. त्याच्या कारकिर्दीच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ६२२ मध्ये, मंदिराची डागडुजी चालू होती. सुतार, गवंडी कामाला लागले होते. ही माणसं प्रामाणिक आहेत, त्यांच्याकडून पैशाचा हिशेब घेत बसू नका, असं राजानं सांगितलं होतं. काम चालू असताना मुख्य याजक हिल्कीया याला मंदिरात एक ग्रंथ सापडला. त्यानं तो शाफान नावाच्या चिटणिसाकडे दिला. शाफान राजाकडे गेला. आधी कामाचा, पैशाचा वृत्तांत दिला आणि मग सांगितलं, की याजकानं एक ग्रंथ दिला आहे. त्यानं तो वाचायला सुरुवात केली.

ऐकता ऐकता राजानं आपली वस्त्रं फाडली. शोकाची ती त्या लोकांची रीत. या ग्रंथात जे सांगितलं आहे ते आपल्या वाडवडिलांनी पाळलेलं नाही, आपणही पाळत नाही, हे त्याला ऐकताक्षणी उमगलं. ग्रंथाचा अर्थ विचारायला त्यानं माणसं पाठवली ती हुल्दा नावाच्या संदेष्ट्रीकडे. राजवाड्यातल्या वस्त्रांची व्यवस्था पाहणाऱ्या एका कारभाऱ्याची ती बायको. तिनं निरोप धाडला तोही कसा? ज्या माणसानं तुम्हाला माझ्याकडे पाठवलं त्याला जाऊन सांगा, अशी तिची सुरुवात. महाराज नाही, सरकार नाही, फक्त तो माणूस. तिनं सांगितलं, की या नगरीवर अरिष्ट येणारच. पण ऐकताना तुझं मन कोवळं झालं, म्हणून ते तुला पाहावं लागणार नाही, तू शांतीनं आपल्या पूर्वजांना मिळशील.

हा ग्रंथ कोणता? जर्मन पंडित डे वेट यानं १८०५ साली मांडलं, की तो आज ‘अनुवाद’ म्हणून ओळखला जाणारा ग्रंथच, निदान त्याचा गाभा असला पाहिजे. कारण योशीयानं पुढे केलेल्या सुधारणा नेमक्या त्या ग्रंथाला धरून आहेत. पुष्कळ अभ्यासकांना हे पटलेलं आहे. काहींना तर शंका येते, की हा ग्रंथ सापडला की सापडवला? असिरियाचं बळ ओसरत होतं, एकाच मंदिराभोवती राज्य एकवटणं राजाच्या सोयीचं होतं, मग ग्रंथ नेमका तेव्हाच कसा सापडतो? शंका रास्त आहे. पण तिची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. राजाच्या सोयीसाठीच ग्रंथ लिहायचा, तर घोडे, बायका आणि सोनं यांवर मर्यादा घालणारा अध्याय कुणी कशाला त्यात ठेवील?

योशीयानं लहानथोर सर्वांना मंदिरात गोळा केलं आणि ग्रंथ वाचून दाखवला. मग सुधारणांचा धडाका लावला. मूर्ती जाळल्या, वेद्या पाडल्या. उत्तरेकडच्या पूजास्थानांच्या याजकांना त्यानं ठार मारलं, हेही ग्रंथ सांगतो. आजच्या वाचकाला इथं अडखळायला होतं, आणि व्हायलाच हवं. धर्मनिष्ठा आणि तलवार एकत्र आल्या की काय होतं, याचे दाखले जगाच्या इतिहासात भरपूर आहेत. त्या काळची ही रीत होती, एवढं म्हणून ते झाकू नये.

आणि मग शेवट. इ. स. पू. ६०९ मध्ये इजिप्तचा फॅरो नखो, असिरियाच्या उरल्यासुरल्या सैन्याच्या मदतीला उत्तरेकडे निघाला होता. योशीया मगिद्दो इथं त्याच्या आडवा गेला आणि मारला गेला. वय अवघं ३९. रथातून त्याचं प्रेत यरुशलेमला आणलं.

मी बरीच वर्षं कॉलेजात प्राचीन इतिहास शिकवला. हा भाग शिकवताना एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, वाईट राजा पंचावन्न वर्षं गादीवर राहिला आणि चांगला राजा एकोणचाळिसाव्या वर्षी मेला. मग चांगलं वागून त्याला मिळालं काय?” वर्गात हशा पिकला. विचारणारा मात्र हसत नव्हता. आदल्या वर्षीच त्याचे वडील गेले होते, हे मला ठाऊक होतं. सरळमार्गी माणूस, कुणाचे चार पैसे कधी बुडवले नाहीत. तेव्हा हा प्रश्न एकट्या योशीयाबद्दल नव्हता, हे मी ओळखलं. पुढच्या तासाला बोलू, असं सांगून मी घरी आलो आणि पुन्हा ग्रंथ उघडले.

हा प्रश्न त्या ग्रंथांच्या कर्त्यांनाही छळत होता, असं दिसतं. ‘राजे’ ग्रंथ म्हणतो, मनश्शेचे अपराध इतके मोठे होते की योशीयाच्या चांगुलपणानंही यहूदावरचा कोप टळला नाही. आजोबानं केलेलं नातवाला फेडावं लागलं. पुढच्या काळात लिहिल्या गेलेल्या ‘इतिहास’ या ग्रंथाला हे उत्तर पुरत नाही. तो दोन्हीकडून हिशेब जुळवायला बघतो. मनश्शेला बाबिलोनला कैद करून नेलं होतं, तिथं त्याला पश्चात्ताप झाला, असं तो सांगतो, म्हणजे ५५ वर्षांचा उलगडा झाला. आणि योशीयाची चूक काय, तर नखोच्या तोंडून देवच त्याला परत जायला सांगत होता, ते त्यानं ऐकलं नाही. म्हणजे अकाली मरणाचाही उलगडा झाला. जन्मभर ऐकत आलेला राजा एकदा ऐकायला चुकला!

पण मला मोलाचं वाटतं ते वेगळंच. हुल्दानं तर राजाला सांगितलं होतं, की तू शांतीनं पूर्वजांना मिळशील. आणि तो मेला रणांगणात. तिचे शब्द आणि त्याचं मरण यांचा सहजी मेळ बसत नाही. मागाहून नकला करणाऱ्यांना ते दिसलं नसेल का? हुल्दाचे शब्द जरासे बदलले असते तर काम भागलं असतं. त्यांनी ते केलं नाही. दोन्ही गोष्टी तशाच ठेवल्या. दोन ग्रंथांची दोन उत्तरंही तशीच ठेवली, एकाच धर्मशास्त्रात.

तिसरं उत्तर यिर्मया संदेष्ट्याच्या ग्रंथात आहे. योशीयानंतर काही महिन्यांनी त्याचा मुलगा यहोयाकीम याला नखोनं गादीवर बसवलं. त्यानं खिडक्यांचा, गंधसरूच्या लाकडानं मढवलेला आलिशान वाडा बांधायला काढला आणि मजुरांना मजुरी दिली नाही. यिर्मया त्याला विचारतो, गंधसरूच्या चढाओढीनं कुणी राजा ठरतो का? तुझा बापही खातपीत होताच की. पण तो न्यायानं वागला, गरीब-दुबळ्यांची दाद त्यानं घेतली आणि तेव्हा त्याचं बरं चाललं होतं. देवाला ओळखणं म्हणजे दुसरं काय?

हेच मी त्या मुलाला पुढच्या तासाला वाचून दाखवलं. इथं योशीयाच्या मूर्ती फोडण्याचा उल्लेख नाही, मगिद्दोचाही नाही. त्याच्या चांगुलपणाची खूण एकच, गरिबाची फिर्याद त्यानं ऐकली. आणि त्याचं बरं केव्हा चाललं होतं? तर ती फिर्याद ऐकत होता तेव्हा. बक्षीस पुढे केव्हातरी मिळायचं म्हणून राखून ठेवलेलं नव्हतं. मुलानं वहीत काहीतरी लिहून घेतलं. त्याचं समाधान झालं की नाही, ते मी विचारलं नाही.

या यहोयाकीमाची आणखी एक हकिगत त्याच ग्रंथाच्या ३६व्या अध्यायात आहे. यिर्मयानं सांगितलेली वचनं बारूख या लेखनिकानं गुंडाळीवर लिहून काढली. ती मंदिरात वाचली गेली, मग अधिकाऱ्यांनी ऐकली, मग राजापर्यंत पोचली. महिना नववा, थंडीचे दिवस. राजा हिवाळी महालात बसलेला, पुढे शेगडी पेटलेली. सेवकानं तीन-चार रकाने वाचले की राजा लेखनिकाच्या, बोरू तासायच्या चाकूनं तेवढा भाग कापायचा आणि शेगडीत टाकायचा. असं करत करत अख्खी गुंडाळी जळून गेली. ग्रंथकार मुद्दाम नोंदवतो, की हे ऐकून कुणी घाबरलं नाही, कुणी आपली वस्त्रं फाडली नाहीत. बापानं ग्रंथ ऐकून वस्त्रं फाडली. मुलानं वस्त्रं सांभाळली आणि ग्रंथ फाडला.

गुंडाळी जाळू नका, अशी राजाला विनंती करणाऱ्यांत गमऱ्या नावाचा एक अधिकारी होता. तो कुणाचा मुलगा? योशीयाला ग्रंथ वाचून दाखवणाऱ्या शाफानाचा! यरुशलेमच्या उत्खननात १९८२ साली मातीचे बरेच ठसे सापडले, त्यांतल्या एकावर ‘शाफानपुत्र गमऱ्या’ असं नाव उमटलेलं आहे. कागदपत्रांवर लावलेली ती मोहोर. ती कागदपत्रं आगीत नाहीशी झाली, पण त्याच आगीनं माती भाजून निघाली आणि म्हणूनच ठसा टिकला.

जळालेल्या गुंडाळीचं काय झालं? यिर्मयानं पुन्हा सांगितलं, बारूखानं पुन्हा लिहिलं आणि तशीच आणखी पुष्कळ वचनं तिच्यात घातली. दुसरी गुंडाळी पहिलीपेक्षा मोठी झाली.

राज्य मात्र टिकलं नाही. इ. स. पू. ५८६च्या सुमारास बाबिलोनच्या सैन्यानं यरुशलेम जाळलं, मंदिरही जाळलं. यहोयाकीमाचा मुलगा यहोयाखीन याला त्याआधीच, ५९७ मध्ये, पकडून नेलं होतं. बाबिलोनमधल्या मातीच्या काही पाट्या १९३९ साली प्रसिद्ध झाल्या. त्यांत सरकारी कोठारातून कुणाला किती तेल द्यायचं, याच्या नोंदी आहेत. त्या यादीत यहूदाच्या राजाचं नाव आहे. दावीदाच्या गादीचा वारस, परक्याच्या तेलाच्या यादीत! ‘राजे’ ग्रंथही इथंच संपतो. यहोयाखीनाला तुरुंगातून सोडलं आणि तो बाबिलोनच्या राजाच्या पंगतीला जेवू लागला, एवढं सांगून.

हरलेल्या लोकांनी ही पानं जपली, हे लक्षात घेण्याजोगं आहे. परक्या मुलुखात, आपलं राज्य का गेलं याचा विचार करत असताना, दोष शत्रूवर ढकलणं किती सोपं होतं! त्यांनी आपल्याच राजांची प्रगतिपुस्तकं लिहून पुरी केली. अनुवादाच्या नकला तर पिढ्यान्‌पिढ्या होत राहिल्या. मृत समुद्राकाठच्या गुहांत १९४७पासून ज्या जुन्या गुंडाळ्या सापडल्या, त्यांत या एका ग्रंथाच्या तिसाच्या आसपास प्रतींचे अवशेष आहेत. आणि आपल्या मराठीत म्हणाल, तर केडगावच्या पंडिता रमाबाईंनी त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं. १९२२ साली त्या गेल्या, आणि त्यांचं भाषांतर त्यांच्यामागे प्रसिद्ध झालं.

श्रोतेहो, आता राजे राहिले नाहीत. पण न आवडणारा कागद समोर येण्याची वेळ अजूनही येते. एखादा चौकशी अहवाल येतो, हिशेबावरचा आक्षेप येतो, गावातल्या कुणा विधवेचा तक्रार अर्ज येतो. ज्याच्या टेबलावर तो येतो तो त्या घटकेपुरता राजाच असतो. त्याच्यापुढे वाटा दोन, योशीयाची आणि यहोयाकीमाची. नीट ऐकलं म्हणून राज्य टिकेलच, आयुष्य वाढेलच, याची हमी या ग्रंथांनी योशीयालासुद्धा दिली नाही, ती आपल्याला कोण देणार? गरिबाची फिर्याद ऐकली गेली, एवढं मात्र पक्कं. त्या ग्रंथांनी तेवढंच पुरेसं मानलं आणि माझ्या विद्यार्थ्याला मीही त्याहून जास्त काही सांगू शकलो नाही.